एक केबल, अनेक जोडण्या

भिंतीतून आलेली केबल एक आणि तिच्या टोकाला जोडायची यंत्रे दोन, ही अडचण आता घरोघरी येते. फ्लॅटचा ताबा घेतला तेव्हा बिल्डरने बेडरूमपर्यंत एकच नेटवर्क केबल टाकलेली असते आणि तेव्हा ती पुरते. मग घरून काम सुरू होते, टेबलावर कॉम्प्युटर येतो, समोर टीव्ही लागतो आणि दोघांनाही वायफायपेक्षा खात्रीची जोडणी हवी असते. दवाखान्यात नोंदणीच्या टेबलावर कॉम्प्युटरसोबत प्रिंटर येतो, दुकानात बिलिंगच्या मशीनशेजारी कॅमेरा. रंगकाम झालेले असते, कन्सील्ड पाइपातून दुसरी केबल सरकत नाही आणि भिंत फोडायला कोणी तयार नसते.

अशा वेळी हीच केबल दोघांत वाटता येईल का, असे विचारले की वायरमन एक उत्तर देतो, हार्डवेअरचा दुकानदार दुसरे आणि ऑफिसातला आयटीवाला तिसरे. तिघांचेही उत्तर आपापल्या जागी बरोबर असू शकते. केबलच्या आतले तांबे वाटून घेता येते, केबल वापरण्याची वेळ वाटून घेता येते किंवा जाणाऱ्या माहितीवर वेगवेगळ्या खुणा लावून एकाच केबलवर अनेक स्वतंत्र नेटवर्क चालवता येतात. यांतली कोणती वाटणी कुठे चालते हे न पाहता खरेदी झाली की पैसे वाया जातात आणि दोष मात्र बिचाऱ्या केबलला लागतो.

इथरनेटचा जन्मच वाटणीतून झाला. कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीचे पालो आल्टो संशोधन केंद्र होते. तिथे बॉब मेटकाफ यांनी २२ मे १९७३ रोजी एक टिपण लिहिले आणि एकाच सामायिक माध्यमावर अनेक कॉम्प्युटर जोडण्याची कल्पना मांडली. डेव्हिड बॉग्ज यांच्यासोबत त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. वेग होता सेकंदाला २.९४ मेगाबिट. मूळ प्रेरणा हवाई विद्यापीठातल्या नॉर्मन अ‍ॅब्रमसन यांच्या अलोहानेटची होती. तिथे बेटाबेटांवरचे कॉम्प्युटर एकच रेडिओ वाहिनी वापरत. मेटकाफ यांनी आकाशाच्या जागी को-अ‍ॅक्शियल केबल आणली आणि नियम अधिक शिस्तीचे केले. बोलण्याआधी ऐकायचे, केबल मोकळी असेल तरच पाठवायचे, दोघांनी एकदम पाठवले आणि संदेश आदळले तर दोघांनीही थांबायचे आणि प्रत्येकाने यादृच्छिक वेळ वाट पाहून पुन्हा प्रयत्न करायचा. पुन्हा टक्कर झाली तर वाट पाहण्याची मर्यादा दुप्पट होते. सोळाव्या प्रयत्नालाही यश आले नाही तर तो संदेश सोडून दिला जातो.

या नियमांची एक खूण आजही इथरनेटच्या प्रत्येक फ्रेमवर, म्हणजे एका वेळी पाठवल्या जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर, आहे. कोणतीही फ्रेम ६४ बाइटपेक्षा लहान असू शकत नाही. १० मेगाबिटच्या वेगाने एवढे बिट पाठवायला ५१.२ मायक्रोसेकंद लागतात. केबलच्या दुसऱ्या टोकाला झालेल्या टक्करीची बातमी पाठवणाऱ्यापर्यंत पोचेपर्यंत तो अजून बोलत असला पाहिजे, तरच त्याला टक्कर कळेल, हा त्यामागचा हिशेब. टकरी इतिहासजमा झाल्या, तरी लहान संदेशांना रिकामे बाइट जोडून ६४ चा आकडा गाठण्याची पद्धत टिकली आहे.

१९८३ च्या मानकातली केबल जाड होती, बहुतेकदा पिवळी. सलग ५०० मीटर. तिच्यावर दर अडीच मीटरला खूण असे आणि त्या खुणेवरच जोडणी करायची. केबल न कापता तिच्यात अणकुचीदार खिळा घुसवून आतल्या तारेला गाठणाऱ्या या जोडणीला ‘व्हॅम्पायर टॅप’ म्हणत. अशा जास्तीत जास्त १०० जोडण्या एका तुकड्यावर चालत. पुढे स्वस्त आणि बारीक केबल आली, १०बेस-२ नावाची. एका तुकड्याची लांबी १८५ मीटर, यंत्रे ३०. प्रत्येक कॉम्प्युटरच्या पाठीमागे इंग्रजी टी अक्षराच्या आकाराचा जोड आणि रांगेच्या दोन्ही टोकांना ५० ओहमचा टर्मिनेटर. ऑफिसांत आणि कॉलेजांच्या लॅबमध्ये या केबलवर काम केलेल्यांना तिचा स्वभाव ठाऊक आहे. कोणीतरी खुर्ची सरकवली, एक जोड सैल झाला की सगळी रांग बंद. नेमका कुठला जोड, हे शोधायला टर्मिनेटर हातात घेऊन एकेक टेबल तपासत जावे लागे. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे प्रत्येकाचा संदेश प्रत्येकाच्या कार्डापर्यंत पोचत असे. ऐकायचे ठरवले तर शेजारच्या टेबलाचा पासवर्डही ऐकता येई.

१९९० साली दोन बदल झाले आणि आजचा प्रश्न त्यांतूनच उभा राहिला. पहिला, १०बेस-टी हे मानक. सामायिक केबल गेली आणि पीळ दिलेल्या तारांच्या जोड्यांची, मधल्या हबपासून प्रत्येक यंत्रापर्यंत स्वतंत्र जाणारी केबल आली. जिला दोनच टोके असतात अशी ही जोडणी. दुसरा बदल कल्पना नावाच्या कंपनीचा. भारतीय वंशाचे विनोद भारद्वाज आणि लॅरी ब्लेअर यांनी सिलिकॉन व्हॅलीत काढलेल्या या कंपनीला भारद्वाज यांच्या पत्नीचे नाव दिले होते. तिने सात पोर्टचा इथरनेट स्विच बाजारात आणला. १९९४ मध्ये सिस्कोने ती कंपनी विकत घेतली. हब एका पोर्टवर आलेले सगळे बाकी सगळ्यांकडे ओरडून सांगायचा. स्विच कोणत्या पोर्टमागे कोणता पत्ता आहे हे शिकतो आणि ज्याचे त्यालाच देतो. आज ऑफिसात, घरात, मोबाइल टॉवरखाली जे काही इथरनेट चालते ते याच कल्पनेवर उभे आहे. नेटवर्कच्या इतिहासात मेटकाफ यांचे नाव सगळे घेतात, त्यांना २०२२ चा ट्युरिंग पुरस्कारही मिळाला; कल्पनाच्या स्विचला मात्र त्याच्या योग्यतेचे श्रेय क्वचितच मिळते.

तांब्याच्या वाटणीचा विचार करताना केबल सोलून पाहायला हवी. आत आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी आणि तपकिरी. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची, दुसरी पांढऱ्यावर त्या रंगाचा पट्टा असलेली. १० मेगाबिट आणि १०० मेगाबिट इथरनेट यांतल्या फक्त दोन जोड्या वापरते, १-२ आणि ३-६ या पिनांवरच्या. एक पाठवायला, एक घ्यायला. मधल्या ४-५ पिना मुद्दाम सोडल्या होत्या, कारण टेलिफोनची लाइन जॅकच्या मधोमध असते. त्याच जॅकमध्ये कोणी चुकून टेलिफोनची लाइन खुपसली तर घंटीचा दाब, जो ७५ व्होल्टच्या वर जातो, नेटवर्क कार्डावर येऊ नये, आणि हवे असेल तर टेलिफोन आणि नेटवर्क एकाच केबलमधून जावेत, असे दोन्ही फायदे त्यात होते.

म्हणजे १०० मेगाबिटच्या काळात प्रत्येक केबलमध्ये दोन जोड्या रिकाम्या होत्या. त्या वापरून दुसरी जोडणी काढणे अगदी सरळ आहे. एका बाजूला नारिंगी आणि हिरवी पहिल्या जॅकच्या १-२-३-६ वर, निळी आणि तपकिरी दुसऱ्या जॅकच्या १-२-३-६ वर. दुसऱ्या बाजूलाही हुबेहूब तसेच. बाजारात हेच करणारे छोटे अडॅप्टर जोडीने मिळतात. विजेची गरज नाही, सेटिंग नाही. दोन्ही जोडण्या एकमेकींपासून पूर्ण वेगळ्या राहतात. एकीतला बिघाड दुसरीला शिवत नाही. युरोपातल्या ऑफिसांत हे रीतसर चालत आले आहे. सीमॉन कंपनीचा टेरा नावाचा जॅक तर प्रत्येक जोडीभोवती धातूचा पडदा ठेवून, एका केबलमध्ये एक-दोन-चार जोड्यांचे वेगवेगळे उपयोग चालावेत याच हेतूने बनवला गेला.

हाताने करताना एक चूक वारंवार होते. रंग न पाहता तारा ओळीने बसवल्या जातात, मग ३ नंबरची तार एका जोडीतली आणि ६ नंबरची दुसऱ्या जोडीतली असते. दिवे लागणारा स्वस्त टेस्टर आठही दिवे बरोबर दाखवतो, कारण तार या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचलेली असते. पण पिळाचा उपयोगच गेलेला असतो. आवाज एकाच जोडीतल्या दोन्ही तारांत सारखा शिरला तरच तो वजा होऊन जातो; जोडी फुटली की शेजारच्या तारांतला आवाज थेट आत येतो. दोन मीटरच्या तुकड्यावर चालते, तीस मीटरवर अडखळते, आणि कारण सापडत नाही. जोडी फुटू न देणे हा या कामातला पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम आहे.

मग हा उपाय आज का करू नये? कारण १९९९ पासून रिकाम्या जोड्याच उरल्या नाहीत. त्या वर्षी आलेल्या १०००बेस-टी या मानकाने चारही जोड्या घेतल्या, प्रत्येक जोडीवर २५० मेगाबिट, तेही एकाच वेळी दोन्ही दिशांनी. आपणच पाठवलेला प्रतिध्वनी वजा करून समोरच्याचे बोलणे ऐकण्याचे हे गणित चिपमध्ये चालते आणि ते फार सुंदर आहे. अशा केबलचे दोन भाग केले की प्रत्येक भागाला १०० मेगाबिटच मिळतात. हजाराची क्षमता मोडून शंभराचे दोन तुकडे करणे हा तोट्याचा व्यवहार आहे.

त्यात आणखी एक अडचण आहे. दोन्ही टोकांची यंत्रे गिगाबिटची असतील, तर वेग ठरवण्यासाठीचे संकेत ती १-२ आणि ३-६ याच पिनांवरून एकमेकांना देतात. त्या पिना जागेवर असल्याने ‘गिगाबिटने बोलू’ असे दोघांचे ठरते, आणि प्रत्यक्ष बोलायला गेल्यावर उरलेल्या दोन जोड्या सापडत नाहीत. चांगली चिप काही प्रयत्नांनंतर आपोआप १०० वर उतरते. काही चिपा उतरत नाहीत, दिवा लागतो-विझतो आणि जोडणी होत नाही. तेव्हा कार्डाच्या सेटिंगमध्ये फक्त १०० मेगाबिट जाहीर करायला सांगावे लागते. इथे वेग ठरवण्याची आपोआप चालणारी बोलणी एकाच टोकाला पूर्ण बंद करू नयेत. तसे केले तर दुसरे टोक अर्ध्या डुप्लेक्सवर, म्हणजे एका वेळी एकाच दिशेने बोलण्यावर येते. जोडणी दिसते, पिंगही जाते, पण मोठी फाइल पाठवली की वेग रसातळाला जातो. या एका दोषामागे नेटवर्क सांभाळणाऱ्यांचे किती दिवस गेले असतील याची मोजदाद नाही.

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर असो की ऑनलाइन दुकानात, ‘स्प्लिटर’ मागितला की तीन वेगळ्या वस्तू समोर येऊ शकतात. पहिली वर सांगितलेली, जोडीने वापरायची. दुसरी दिसायला तशीच, पण आतून फक्त आठही तारा दोन जॅकना समांतर जोडलेली. ही एकटी लावून दोन कॉम्प्युटर चालतील अशी आशा धरणे व्यर्थ आहे. आजच्या इथरनेट जोडणीला दोनच टोके असतात. तिसरे जोडले की दोन यंत्रे एकाच तारेवर बोलू पाहतात, केबलचा १०० ओहमचा संरोधही बिघडतो. एक यंत्र बंद असेल तेव्हा दुसरे कदाचित चालेल, एवढेच. तिसऱ्या वस्तूला यूएसबीची वायर असते आणि दोन्ही जोडण्यांना गिगाबिट मिळेल असे तिच्या खोक्यावर लिहिलेले असते. तिला वीज लागते, कारण तो स्प्लिटर नसून दोन-तीन पोर्टचा स्विचच असतो. खोक्यावरच्या नावाकडे न पाहता वीज लागते का, एवढे पाहिले तरी बराच गोंधळ टळतो.

विजेचा विषय आलाच आहे तर केबलमधून वीज देण्याबद्दल. २००३ च्या ८०२.३एएफ मानकाने नेटवर्क केबलमधून १५.४ वॅटपर्यंत वीज देण्याची सोय केली. २००९ मध्ये ती ३० वॅटवर गेली आणि २०१८ मध्ये ९० वर. यातली एक पद्धत नेमक्या ‘रिकाम्या’ निळ्या-तपकिरी जोड्यांवरून वीज पाठवते. ज्या केबलमध्ये त्या जोड्यांवर दुसरा कॉम्प्युटर बसवला आहे तिथे हे जमणारच नाही. रीतसर यंत्र आधी समोरच्याला वीज घेता येते का याची चाचणी घेते, त्यामुळे ते सहसा नुकसान करत नाही. पण चाचणी न घेता थेट वीज सोडणारे स्वस्त इंजेक्टरही वापरात आहेत आणि त्यांच्यासमोर चुकीचे यंत्र आले तर ते जळू शकते.

कॅमेरे बसवणारे बरेच जण निळी-तपकिरी जोडी १२ व्होल्टसाठी वापरतात. सोय चांगली आहे, पण अंतराचा हिशेब करायला हवा. नेहमीच्या २४ गेजच्या तांब्याच्या तारेचा रोध किलोमीटरला साधारण ८४ ओहम असतो. जोडीतल्या दोन्ही तारा एकत्र वापरून जायला एक आणि यायला एक जोडी धरली, तर ५० मीटरच्या अंतराला एकूण ४.२ ओहम होतात. अर्धा अँपिअर घेणाऱ्या कॅमेऱ्यापर्यंत २.१ व्होल्ट वाटेतच जातात आणि हाती ९.९ उरतात. दिवसा कॅमेरा चालतो. रात्री इन्फ्रारेड दिवे लागून प्रवाह वाढला की तो बंद पडून पुन्हा सुरू होत राहतो. केबल शुद्ध तांब्याची नसून तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमची असेल, तर रोध दीडपटीच्या आसपास जातो. मानके घन तांब्याची केबल मागतात; बाजारात मुलाम्याची सर्रास विकली जाते, आणि हे थांबायला हवे. आगाऊ रक्कम देण्याआधी एक तार पक्कडीने कापून चाकूने खरवडावी: आत चंदेरी दिसले तर ती केबल भिंतीत घालू नये.

काही वेळा मुळात वाटणीची गरजच नसते. भिंतीतली जुनी केबल दोन्ही बाजूंनी मोकळी सरकत असेल, तर तिच्याच टोकाला दोन नव्या केबल बांधून ओढून घेता येतात. सोबत नायलॉनची एक दोरीही ओढून ठेवली तर पुढच्या माणसाचे काम सोपे होते.

वेळेची वाटणी करणारा स्विच हा आज बहुतेक घरांसाठीचा योग्य उपाय आहे. पाच पोर्टचा गिगाबिट स्विच हजार रुपयांच्या आसपास मिळतो. केबलच्या टोकाला तो लावला की चार यंत्रे जोडता येतात. गिगाबिटवर पूर्ण भरलेली एक फ्रेम जायला सुमारे १२ मायक्रोसेकंद लागतात. एकाची फ्रेम जात असताना दुसऱ्याची स्विचच्या स्मृतीत तेवढीच थांबते. दोघे एकदम डाउनलोड करत असतील तर वापरण्याजोग्या ९४० मेगाबिटपैकी प्रत्येकाला साधारण ४७० येतात, आणि एकजण थांबला की सगळे दुसऱ्याचे. तांबे कापून केलेल्या वाटणीत शेजारी झोपला असला तरी त्याचे १०० मेगाबिट मिळत नाहीत. घराचे इंटरनेटच २०० किंवा ३०० मेगाबिटचे असेल, तर मधली केबल वाटली जाते आहे हे कोणाला जाणवणारही नाही. आठ कॅमेऱ्यांनी प्रत्येकी ४ मेगाबिट पाठवले तरी बेरीज ३२ होते. अडचण येते ती घरातच मोठ्या फाइलींची ने-आण करणाऱ्यांना, उदाहरणार्थ व्हिडिओ संपादन करणाऱ्याला. त्यांच्यासाठी २०१६ मध्ये अडीच आणि पाच गिगाबिटची मानके आली, तीही नेहमीच्या कॅट-५ई आणि कॅट-६ केबलवर चालणारी. भिंतीतली केबल तीच ठेवून दोन्ही टोकांची यंत्रे बदलली की पुरते.

स्विचचा एक धोका मात्र सांगायलाच हवा. इथरनेटच्या फ्रेमला आयुष्य मोजणारा आकडा नसतो. चुकून वर्तुळ तयार झाले, म्हणजे एका पॅच कॉर्डची दोन्ही टोके कोणी त्याच स्विचमध्ये लावली, तर सगळ्यांना उद्देशून पाठवलेली फ्रेम त्या वर्तुळात फिरत राहते, तिच्या प्रती वाढत जातात आणि काही क्षणांत सगळे ऑफिस ठप्प होते. यावरचा उपाय रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये असताना शोधला. स्विच आपापसांत बोलून जास्तीचे रस्ते स्वतःच बंद ठेवतात आणि चालू रस्ता तुटला की बंद ठेवलेला उघडतात. स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय सहसा नसते. टेबलाखाली कुणीही आणून लावलेल्या स्विचला मोठ्या ऑफिसांत मनाई असते, तिचे हेही एक कारण आहे.

तिसरी वाटणी सर्वांत कमी माहीत असलेली आणि सर्वांत उपयोगी. समजा, फायबरचा मोडेम हॉलमध्ये दाराजवळ आहे आणि राउटर घराच्या मध्यावरच्या खोलीत ठेवायचा आहे. दोन्हींमध्ये एकच केबल. मोडेमकडून राउटरकडे जाणारे इंटरनेट त्याच केबलवरून न्यायचे आणि राउटरकडून हॉलमधल्या टीव्हीकडे घरचे नेटवर्कही त्याच केबलवरून परत आणायचे. साधा स्विच इथे चालत नाही, कारण मग राउटरच्या आतले आणि बाहेरचे नेटवर्क एकत्र मिसळते आणि राउटरच्या संरक्षणाला अर्थ उरत नाही. योजना १०० मेगाबिटची असेल तर जोड्या वाटणारा अडॅप्टर इथे खरोखर शोभतो. वेग जास्त हवा असेल तर व्हीलॅन.

बेलकोअरमध्ये काम करणारे डेव्हिड सिंकोस्की यांनी १९८० च्या दशकात मांडलेली ही कल्पना १९९८ मध्ये ८०२.१क्यू या मानकात आली. प्रत्येक फ्रेममध्ये चार बाइटची चिठ्ठी घालायची. त्यातले १२ बिट नेटवर्कचा क्रमांक सांगतात, म्हणून एका केबलवर ४,०९४ पर्यंत स्वतंत्र नेटवर्क चालू शकतात. वरच्या उदाहरणात केबलच्या दोन्ही टोकांना सेटिंग करता येणारे स्विच लावायचे. इंटरनेटला क्रमांक १०, घरच्या नेटवर्कला २०. मधल्या केबलच्या पोर्टवर दोन्हींच्या फ्रेम चिठ्ठीसह जातात. मोडेमच्या पोर्टवर फक्त १० च्या, टीव्हीच्या पोर्टवर फक्त २० च्या, आणि तिथे पोचण्याआधी चिठ्ठी काढून टाकली जाते. टीव्हीला आणि मोडेमला काही कळत नाही. ऑफिसातला टेलिफोनही हेच करतो: भिंतीची केबल फोनमध्ये जाते, फोनच्या पोटात तीन पोर्टचा छोटा स्विच असतो, त्यातून दुसरी केबल कॉम्प्युटरकडे. बोलणे एका क्रमांकाच्या नेटवर्कवर, कॉम्प्युटर दुसऱ्या, आणि टेबलापर्यंत तार एकच.

चिठ्ठी म्हणजे कुलूप नव्हे, हे ध्यानात ठेवायला हवे. सेटिंग नसलेला साधा स्विच मध्ये आला तर तो चिठ्ठीकडे न पाहता सर्वांचे सगळ्यांना देऊ शकतो. नव्या स्विचचे सगळे पोर्ट क्रमांक १ मध्ये असतात आणि स्विचचे व्यवस्थापनही तिथेच. ते तसेच ठेवले तर पाहुण्यांच्या नेटवर्कवरून कोणीही सेटिंगच्या पानापर्यंत पोचतो. फ्रेमवर दोन चिठ्ठ्या लावून शेजारच्या नेटवर्कमध्ये शिरण्याची युक्तीही प्रसिद्ध आहे. केबलवरच्या चिठ्ठी नसलेल्या फ्रेमसाठी कुठेच न वापरलेला क्रमांक दिला की ती बंद होते. कॅमेरे आणि दवाखान्याची कागदपत्रे एका केबलवर नेणाऱ्याने ही तीन कामे पहिल्याच दिवशी करावीत.

मोठ्या यंत्रणांत या वाटण्या एकावर एक चढतात. एका सर्व्हरवर डझनावारी आभासी यंत्रे असतात आणि त्यांची सगळी नेटवर्क एकाच केबलवरून चिठ्ठ्यांसह जातात. घरात जुनी ठरलेली तांब्याची वाटणीही डेटा सेंटरमध्ये जोरात आहे. ४० गिगाबिटचा पोर्ट मुळात दहा-दहाच्या चार मार्गिकांचा असतो, म्हणून एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला चार जोड असलेली केबल लावून त्यातून १० गिगाबिटच्या चार स्वतंत्र जोडण्या काढतात. १०० गिगाबिटच्या पोर्टमधून २५ च्या चार. तिथे काही वाया जात नाही, कारण मार्गिका आधीपासूनच वेगळ्या आखलेल्या असतात.

घरापर्यंत येणारे फायबर इंटरनेटही वाटूनच येते, आणि तेही वीज न लागणाऱ्या स्प्लिटरने. २००३ पासूनच्या जीपॉन मानकात एक्स्चेंजमधून निघालेली एक काचेची तार वाटेतल्या डबीत ३२ किंवा ६४ घरांत फुटते. खाली येताना सगळ्यांना मिळून २.४८८ गिगाबिट आणि वर जाताना १.२४४. खाली येणारा प्रकाश सगळ्यांच्याच घरी पोचतो. प्रत्येक मोडेम आपले तेवढे घेतो, आणि शेजाऱ्याने वाचू नये म्हणून माहिती कूटबद्ध करण्याची सोय आहे. वर जाताना मात्र पाळ्या ठरवून दिलेल्या असतात. प्रत्येक घराचे अंतर मोजून कोणी किती उशिराने बोलायचे हे एक्स्चेंज सांगते, म्हणजे सगळ्यांचे बोलणे एकमेकांवर न आदळता ओळीने पोचते. बत्तीस भाग केल्यावर प्रकाश सुमारे १७ डेसिबलने कमी होतो आणि नेहमीच्या यंत्रणेत एकूण २८ डेसिबलपर्यंत घट चालते. उरलेल्यात अंतर आणि जोड बसवायचे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर केलेल्या आणि पुढे भारतनेट नाव मिळालेल्या प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात तालुक्याच्या ठिकाणाहून ग्रामपंचायतींपर्यंत हेच तंत्र नेले गेले. काच वाटली म्हणून गावांपर्यंत पोचणे परवडले.

अलीकडची सर्वांत लक्षवेधी घडामोड गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या क्षेत्रातली आहे. २०१९ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.३सीजी या मानकातला १०बेस-टी१एस हा प्रकार तारांच्या एकाच जोडीवर, २५ मीटरपर्यंतच्या अंतरात, किमान आठ यंत्रे एका ओळीत जोडू देतो. वेग १० मेगाबिट. प्रत्येक सेन्सरला स्विचचा वेगळा पोर्ट आणि वेगळी केबल द्यायची नाही, हा हेतू. त्याने मोटारीतल्या तारांचे वजन कमी होते. टक्कर होऊ देऊन मग सावरण्याची जुनी रीत इथे चालत नाही, कारण ब्रेकच्या किंवा मोटरच्या संदेशाला किती उशीर होईल हे आधी माहीत असावे लागते. म्हणून पंगतीत वाढपी फिरतो तशी पाळी फिरते. शून्य क्रमांकाचे यंत्र फेरी सुरू झाल्याचा इशारा देते, मग क्रमाने प्रत्येकाला बोलायची संधी मिळते. ज्याला काही सांगायचे नसते त्याची पाळी अगदी थोड्या वेळात पुढे सरकते, त्यामुळे एकच यंत्र बोलत असेल तर जवळजवळ सगळा वेग त्याला मिळतो. याच मानकाचा दुसरा प्रकार, १०बेस-टी१एल, दोनच यंत्रे जोडतो, पण एका जोडीवरून एक किलोमीटरपर्यंत जातो. ज्या कारखान्यांत दूरच्या टाकीचे तापमान अजूनही जुन्या ४ ते २० मिलिअँपिअरच्या तारेवरून येते, तिथे योग्य प्रतीची असेल तर ती टाकलेली तारच इथरनेटसाठी वापरता येते.